दाब

दाखल्यावर एक रकाना असतो :
महाविद्यालय सोडण्याचे कारण.
मी म्हटलं, भाऊसाहेब, लिहा ना, डॉक्टर व्हायचंय.
कोळंबे भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं,
गाव न सांगता नुसतं 'लांब' म्हणणाऱ्याकडे
कंडक्टर बघतो तसं,
आणि लिहिलं : स्वतःच्या विनंतीवरून.
वर्तणूक चांगली. प्रगती समाधानकारक.
शिक्का ओला होता,
फुंकर मारत जिन्यात उभी राहिले.

चोपड्यात वर्षभर बी.एस्सी. केलं.
केलं म्हणजे, फाट्यावर उभं राहतात तसं
त्या वर्गात बसले.
नीटला चारशे सत्तावीस.
हा आकडा आता आडनावासारखा आहे,
हेमांगी रोहिदास निकुंभ चारशे सत्तावीस.
गिरणीत दळण टाकतानाही बायका विचारतात, कितीऽऽ?
आणि पीठ चाळल्यासारखं माझ्याकडे बघतात.

जळगावला कॉलेज अकराला सुटतं,
क्लास बाराला लागतो.
एवढंच कारण आहे खरं तर.
ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

समोरचे दशरथबाबा म्हणाले,
मुनवं जागा बदललं की जोमात येतं, पोरी.
मी मान हलवली.
मुनव्याला निगेटिव्ह मार्किंग नसतं, बाबा,
हे बोलले नाही.

नो ड्यूजच्या चार सह्या.
ग्रंथालय, जिमखाना (जिथे मी कधी गेलेच नाही),
कार्यालय, आणि शेवटी प्रयोगशाळा.
भिकन मामाच्या वहीत माझ्या नावापुढे
दोन कव्हरस्लिप, एक परीक्षानळी : रुपये पस्तीस.
त्यांनी पैसे घेतले, पावती फाडली,
मी दारापर्यंत गेल्यावर हाक मारली,
आते हाई दखी जाय.
कांद्याच्या मुळाची स्लाइड,
स्वतः रंगवलेली, यंदा बरी उतरलेली.
भिंगाखाली एक पेशी
दुभंगायच्या अगदी आधीची,
सगळं सामान मधल्या रेषेवर आणून ठेवलेलं,
दोन्हीकडून धागे ताणलेले.
बराच वेळ डोळा काढला नाही.
मामा पंखा बंद करून, किल्ल्या हातात घेऊन, थांबले.

विदगावच्या पुलावर बस हळू होते.
खाली तापी, एप्रिलमधली,
वाळू जास्त, पाणी आठवणीपुरतं.
मांडीवर फाइल, फाइलवर हात, हाताला घाम,
दाखल्याची शाई पुसेल म्हणून
ओढणी मध्ये घातली.

नव्या कॉलेजच्या खिडकीत बाई म्हणाल्या,
आमचं स्वायत्त आहे.
तुझा प्राणिशास्त्राचा दुसरा पेपर इथे जुळत नाही,
पुन्हा द्यावा लागेल.
मी विचारलं, बेडूक तोच आहे ना?
त्या हसल्या नाहीत. पुढचा, म्हणाल्या.

रात्री पप्पांनी माझा अ‍ॅप्रन मशीनवर घेतला.
दुकानात लग्नसराईचे ब्लाउज ढिगाने,
तरी आधी हा.
खिशावर जुन्या कॉलेजचं बोधचिन्ह,
त्यांनीच लावलेलं, गेल्या जूनमध्ये, दुहेरी शिलाईने.
ब्लेडच्या टोकाने एकेक टाका उसवत गेले,
तोंडात धागा, बोलणं नाही.
बोधचिन्ह निघालं तेव्हा त्याखालचं कापड
बाकीच्या अ‍ॅप्रनपेक्षा पांढरं निघालं,
हाताएवढा चौकोन,
ज्याच्यावर वर्षभर ना ऊन पडलं, ना अ‍ॅसिड, ना मी.

नवं चिन्ह लहान होतं.
चारी बाजूंनी पांढरी कड उरली.
दिसेल, मी म्हटलं.
दिसू दे, ते म्हणाले.
मग बाही उलटी करून शिवण दाखवली,
आत घडी करून दडवलेलं कापड :
दोन बोटं दाब ठेयेल शे.
बाहीले बी, खाले बी.
आजून चार-पाच वरीस चालाले पाह्यजे ना हाऊ.

आई भाकरी थापताना थांबली नाही,
पण थापा हळू झाल्या.

किती वर्षं, ते मी मोजलं.
पप्पांनी दिवा मालवला,
मशीनवर झाकण टाकलं,
आणि ब्लेड कागदात गुंडाळून
पुन्हा वरच्याच खणात ठेवलं,
पटकन सापडेल असं.